दुसरं बारसं

पाळण्यातून येणारं ते गुणगुणणं कंपनीने दिलेलं नव्हतं, हे ऋजुताला केव्हाच कळलं होतं. तिचं कामच ते होतं. बाळंतपणाच्या रजेआधी ती मिरजेच्या ज्या सुरक्षा केंद्रात बसायची, तिथे घराघरांतल्या यंत्रांवर नजर ठेवली जायची. पाण्याचे पंप, वीजमीटर, दारांची कुलुपं, आणि अलीकडे पाळणे. पाळण्याच्या माहितीपुस्तिकेत झोक्यांचे प्रकार दिले होते, पंख्याचा आवाज होता, पावसाचा होता. गुणगुणणं कुठेच नव्हतं.

दुपारी तिची तान्ही चार्वी चुळबुळली की पाळणा आधी थांबायचा. मग अगदी थोडा हलायचा, एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी, कुणी पायाच्या अंगठ्याने दोरी ओढावी तसा. आणि मग तो आवाज सुरू व्हायचा. आवाज बाईचा, पण अमुक एका बाईचा नव्हे. शब्द नाहीत, चालही धड नाही. चार्वीच्या मुठी सैल पडायच्या, पापण्या जड व्हायच्या. कधीकधी ती झोपेत हसायचीसुद्धा.

ऋजुता पलंगावर बसून बघत राहायची. आता आपण उठायला हवं, हे तिला समजायचं. ते समजणं अंगापर्यंत पोचायचं नाही. बाळ झाल्यापासून हे असंच होतं. दुःख नव्हतं, रडू येत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा ती "ठीक आहे" म्हणाली, आणि ते काही खोटं नव्हतं. ती वेळेवर पाजायची, लंगोट बदलायची, टाळू भरायची. बाळ झोपलेलं असताना त्याची कागदासारखी नखं कापायची, स्वतःचा श्वास रोखून, आणि कापून झाल्यावर एकेका बोटावरून हलकेच अंगठा फिरवून कुठे टोक राहिलंय का ते बघायची. पण रडणाऱ्या मुलीला उचलून घेतलं की मुलगी आणखी रडायची, आणि पाळण्यात ठेवली की गप्प व्हायची. असं बऱ्याचदा झाल्यावर तिने उचलणं सोडून दिलं.

ओजस, तिचा नवरा, ढालगावच्या पवनचक्क्यांवर कामाला होता. आठवड्याने घरी यायचा. "गुणी आहे गं आपली पोरगी," म्हणायचा. "आईला अजिबात त्रास देत नाही."

ऋजुताने एकदाच पाळण्याला लॅपटॉप जोडून बघितला होता. जे सापडेल असं वाटलं होतं तेच सापडलं. मग तिने लॅपटॉप मिटला आणि डायपरच्या खोक्याखाली सरकवून ठेवला.

केंद्रातल्या मुजावर सरांचा फोन आला तेव्हा ती दुपट्यांच्या घड्या घालत होती.

"बाळंतिणीला त्रास देतोय, माफ कर," ते म्हणाले. "सटवाई परत आलीय. या वेळी पाळण्यांत."

सटवाई हे नाव सरांनीच ठेवलेलं. एरवी केंद्रात अशा प्रोग्रामांना आकडे देतात, पण हिला आकडा पुरला नाही.

ती फार जुनी. कुठल्याशा देशात कुणीतरी तो लहानसा प्रोग्राम लिहिला होता. घरांतल्या दुबळ्या यंत्रांत शिरायचं, गुपचूप बसून राहायचं, आणि हुकूम आला की हजारो यंत्रांनी मिळून एकाच ठिकाणी एवढ्या हाका मारायच्या की तिथे खऱ्या माणसाची हाक ऐकूच जाऊ नये. लिहिणारा पकडला गेला म्हणतात, कुणी म्हणतं मेला. प्रोग्रामचं त्याच्यावाचून काही अडलं नाही. स्वतःची प्रत काढताना त्यात थोडाफार बदल करायचा, एवढी एक सोय त्याने आत ठेवली होती, ती चालू राहिली. सुरक्षावाल्यांनी एक दार बंद केलं की त्या दाराने येणाऱ्या सगळ्या प्रती मरायच्या. एखादी चुकून खिडकीकडे वळलेली असायची ती वाचायची, आणि मग पुढच्या सगळ्या खिडकीतून यायच्या. अर्धवट औषधाने जंतूंचं होतं तेच.

तिचं एक दुबळेपण मात्र कधी गेलं नाही. ती यंत्राच्या तात्पुरत्या मेमरीत राहायची. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं की पुसली जायची. शेजारच्या यंत्रातून परत यायची हे खरं, पण ती प्रत गेली ती गेलीच. आता पाळणा माणसं कधी बंद करून बघतात? बाळ झोपत नाही तेव्हा. ज्या प्रतींमुळे पाळण्याला हिसके बसले त्या त्याच दिवशी संपल्या. ज्यांनी काहीच केलं नाही त्या थोड्या टिकल्या. आणि ज्यांच्या हातून निव्वळ योगायोगाने बाळ निजलं, त्यांना कुणी हात लावला नाही. निजलेल्या बाळाला कोण जागं करणार? हजारो पाळण्यांत, हजारो बाळांवर ही चाळणी कुणाच्या लक्षात न येता महिनोन्महिने चालली. हललेला झोका, लांबलेला सूर, जे उपयोगी पडलं ते उरलं. सटवाईला बाळ म्हणजे काय हे माहीत नव्हतं. समोर जे आवाज करतंय ते शांत झालं की आपण राहतो, एवढंच तिच्यात उरलं होतं.

"ती आत कशी शिरते माहितीय?" मुजावर सर म्हणाले. "बारशातून."

हेही ऋजुताला माहीत होतं. पाळणा बारशाच्या दिवशी सुरू करायचा अशी पद्धतच पडून गेली होती. आत्या बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगते, तसंच वाकून पाळण्याच्या माइकमध्येही सांगते. बायका टाळ्या वाजवतात, फोटो निघतो. तेच नाव म्हणजे पाळण्याचा पासवर्ड, आणि तो पुढे बदलायचा झाला तर आत्याच्याच आवाजात बदलायचा. कंपनीला वाटलं, बाळाचं नाव बारशापर्यंत कुणालाच ठाऊक नसतं, याहून गुप्त काय असेल. पण नाव निघतं जन्मवेळेवरून. वेळेवरून नक्षत्र, नक्षत्राच्या चरणावरून अक्षर. आणि जन्मवेळ तर आजोबा लोक अभिनंदनाच्या फोटोवरच छापून गावभर पाठवतात. चार्वी रेवतीच्या तिसऱ्या चरणातली. 'चा' वरून मुलींची चालू नावं असून असून किती असणार? सटवाई ती एकेक करून म्हणून बघायची.

"आमच्यात आजोबांची नावं ठेवतात," सर म्हणाले, "म्हणजे तिला आणखी सोपं."

"नुकसान काय झालंय सर?"

"मागच्या गुरुवारी रुग्णवाहिकेचा फोन दुपारभर लागत नव्हता ना. ते पाळण्यांनी केलं. आपल्याच भागातल्या. जुन्या हुकुमाची किल्ली कुणाच्या तरी हाती लागलीय, तो भाड्याने देतोय. तालुक्याच्या टोकाला एक बाई रिक्षात बाळंत झाली."

"मग?"

"बाई वाचली."

ऋजुताने पुढे विचारलं नाही. विचारायला हवं होतं, हे तिला दिसत होतं, रस्त्यापलीकडची पाटी दिसावी तसं. तिने हातातल्या दुपट्याची आणखी एक घडी घातली.

काम सरांनी समजावून सांगितलं. पाळणे नवं सॉफ्टवेअर एकमेकांकडून घेतात, घेताना त्यांची दारं काही वेळ उघडी राहतात. त्या वेळात सटवाईचा एक जरी पाळणा जागा असला तरी ती सगळीकडे परत पसरणार. म्हणून रविवारी दुपारी चारपर्यंत सगळे पाळणे बंद. बंद करतानाच आत्याने जुनं नाव म्हणून नवा पासवर्ड सांगायचा, आणि तो कुणाचंही नाव नको. मग पाळणे पुन्हा सुरू करून नवं सॉफ्टवेअर सोडायचं. केंद्रातल्या प्रत्येकाने आपापल्या वाट्याची घरं फोनवरून सांभाळायची.

"पोरं याला दुसरं बारसं म्हणतायत," सर म्हणाले. "आमच्या मोहल्ल्यातल्या फुफ्या तयार आहेत. तुमच्या आत्यांचं तेवढं बघ बाई. रुसव्याफुगव्यात चार वाजून जातील."

"आणि मग ती येणार नाही?"

"येईल की. आपण तिला मारत नाही, ऋजुता. आपण शिकवतो. दुसऱ्या कसल्यातरी यंत्रात, दुसरं काहीतरी शिकून येईल. मी निवृत्त होईन, ती नाही होणार. पण तोवर कुणी रिक्षात बाळंत होऊ नये, एवढंच आपल्या हातात." मग आठवल्यासारखं विचारलं, "तुझ्याकडे आहे का तसला पाळणा?"

"आहे."

"तपासलास?"

"तपासते," ऋजुता म्हणाली.

रविवारी जयसिंगपूरहून गार्गीताई आली. ओजसची मोठी बहीण, दातांची डॉक्टर. तिच्या हातात डब्यांची पिशवी होती.

"आळिवाचे लाडू आहेत. मेथीचे नाही केले, तू टाकून देतेस." तिने चपला काढता काढता आत बघितलं. "घर केवढं गं शांत. बाळंतिणीची खोली आहे की वाचनालय?"

"झोपलीय ती."

"सारखी झोपलेलीच असते. गेल्या खेपेला झोपलेली, व्हिडिओ कॉलवर झोपलेली. मला भाची आहे हे फोटोंमुळे लक्षात राहतं."

ऋजुताने तिला चहा दिला, काय करायचं ते सांगितलं. गार्गीताई लाडू खात ऐकत होती.

"म्हणजे मी आधी चार्वी म्हणायचं, मग नवीन शब्द."

"हो. कुणाचं नाव नको, देवाचं नको, गावाचं नको."

"'रूट कॅनाल' ठेवते. माझ्या भाचीच्या पाळण्याला कोण हात लावतो बघू."

ऋजुता हसायला हवं तेवढं हसली. लॅपटॉपवर नकाशा उघडा होता. चालू पाळण्यांचे केशरी ठिपके तीन वाजल्यापासूनच विझायला लागले होते. कुठल्या कुठल्या आत्या विमानतळावरून फोनवर नावं म्हणत होत्या. ऋजुताच्या वाट्याच्या घरांतही दोन विझले होते. एक ठिपका तिच्या स्वतःच्या घराचा होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग कपाकडे.

"ताई," ती म्हणाली, "आपला राहू दे ना."

"काय राहू दे?"

"पाळणा. चालू."

गार्गीताईने डब्याचं झाकण लावलं. "मला बंद करायला तूच बोलावलंस ना?"

"हो."

"मग?"

"ती माझ्याकडे राहत नाही." ऋजुता सरळ स्वरात सांगत होती, दुधाचा हिशोब सांगावा तसं. "मी घेतलं की रडते. पाळण्यात राहते. हे बंद केलं तर मला येत नाही."

"काय येत नाही?"

"तिला गप्प करायला."

"कुणाला येतं?" गार्गीताई म्हणाली. "माझा केदार इतका रडायचा, इतका रडायचा, की मी त्याला सासूबाईंकडे देऊन बाथरूममध्ये नळ सोडून बसायचे. सासूबाई सगळ्यांना सांगायच्या, सून फार स्वच्छ आहे माझी."

ऋजुता तिच्याकडे बघत राहिली. "त्याला बघून तुम्हाला काही वाटायचं?"

गार्गीताईने डबा बाजूला सारला. "सुरुवातीला ना? एक्स-रे बघते तसं बघायचे. सगळं जागेवर आहे ना, ठीक, पुढचा पेशंट. आणि लोक विचारायचे, काय गं, जग बदललं की नाही. मी म्हणायचे, बदललं की."

"मला नाही वाटत काही."

"दिसतंय मला ते. मी मेथीचे लाडू का आणायचे वाटतं तुला? तू टाकतेस का खातेस ते बघायला." ती जराशी सरकून जवळ बसली, पण हात लावला नाही. "वाटेल, असं मी तुला सांगणार नाही. मला काय माहीत. आपण दोघी डॉक्टरकडे जाऊ. या बाबतीत मी दातांची, माझं ऐकू नकोस. पण पाळण्याचं म्हणशील तर, नाव माझ्या तोंडात आहे. तू बोल म्हणालीस तर बोलेन. नको म्हणालीस तर ओजसला सांगेन, माझी गाडी बंद पडली, मी पोचलेच नाही."

ऋजुताला वाटलं होतं ताई रागावेल. रागावली असती तर सोपं झालं असतं.

तेवढ्यात चार्वीने पाय झाडले. नाकातून एक लहानसा आवाज काढला. पाळणा थांबला. मग तो हलका, एका बाजूला झुकता झोका, आणि त्याच्यामागून ते गुणगुणणं.

गार्गीताईचा चेहरा बदलला. "कोण आहे आत?"

"कुणी नाही."

"कुणी नाही कसं? बाई गातेय."

"गात नाही ताई," ऋजुता म्हणाली. "ती लपतेय."

हे वाक्य तिने केंद्रात नव्या पोरांना शिकवताना कितीदा वापरलं होतं. चांगलं वागणारं यंत्र दिसलं की आधी विचारायचं, हे कुणापासून लपतंय. आता ते खोलीत पडलं तसं पडून राहिलं. चार्वीच्या मुठी सैल होत होत्या. तिचं तोंड जरासं उघडं होतं, आणि ती आवाजाच्या दिशेला मान वळवून झोपत होती, भिंतीच्या बाजूला. ऋजुता ज्या बाजूला बसायची तिकडे तिची पाठ होती. पलंगावरून रोज हेच दिसायचं. पाठ आणि मानेवरचं घामाने चिकटलेलं जावळ.

ऋजुता उठली. पायात मुंग्या आल्या होत्या. तिने पाळण्याच्या दांड्याखालचं बटण चाचपलं आणि दाबून धरलं.

"बोला ताई."

"नक्की?"

"बोला."

गार्गीताई वाकली. बारशाला वाकली होती तशीच, एका हाताने ओढणी मागे धरून. "चार्वी," ती म्हणाली, आणि घसा साफ करून, "रूट कॅनाल."

पाळणा थांबला. आवाज मध्येच तुटला, जिथे पुढचा सूर यायचा तिथे.

चार्वीने डोळे उघडले. काही क्षण ती नुसती वर बघत राहिली. मग तिचा खालचा ओठ थरथरला, कपाळ लाल झालं, आणि ती रडायला लागली. ऋजुताने कधी ऐकलं नव्हतं एवढं मोठं रडणं. ऐकलं नव्हतं, कारण पाळण्याने इथवर येऊच दिलं नव्हतं.

तिने तिला उचललं. चार्वीने अंग ताठ केलं, पाठीची कमान केली, मुठीने आईच्या गळ्यावर मारलं. ऋजुताने खांदा बदलला. दाराशी गेली, खिडकीशी आली. झोका द्यायचा प्रयत्न केला, तो तिचा तिलाच चुकीचा वाटला. गार्गीताईचे हात आपोआप पुढे आले होते. तिने ते मागे घेतले आणि मांड्यांखाली दाबून बसली.

"घेऊ का?"

"नको."

फोन वाजला. मुजावर सर होते. मागे केंद्रातला गलका ऐकू येत होता. "तुझ्या घरांतलं एक राहिलंय. अख्ख्या भागात ते एकच. सॉफ्टवेअर मी त्याच्यासाठी थांबवलंय. बोल त्यांच्याशी, मी फार वेळ नाही थांबू शकत. आणि हे रडणं कुठलं?"

"माझ्याकडचं," ऋजुता म्हणाली.

ठिपका कुपवाडचा होता. तेजल माने. ऋजुताने रडणाऱ्या मुलीला एका हातावर पेलून नंबर लावला.

"मी सुरक्षा केंद्रातून ऋजुता चौगुले बोलतेय. तुमचा पाळणा अजून चालू दिसतोय."

"हो मॅडम." पलीकडचा आवाज कोवळा होता, दबका. "आत्ताच झोपलाय ओ तो. उद्या केलं तर नाही का चालायचं?"

"नाही चालणार. एक राहिला तर सगळे..."

"माहितीय. सांगितलं सगळं त्या पोरांनी. आमच्या वन्सं पण आल्यात, बसल्यात इथंच, त्यांचा दुसरा चहा चाललाय." तिने आवाज आणखी खाली आणला. "मॅडम, तो माझ्याकडं झोपतच नाही."

अशा वेळी काय बोलायचं ते केंद्राने सगळ्यांना दिलं होतं. रुग्णवाहिकेचं सांगायचं, कायद्याचं सांगायचं, मदतीचा नंबर द्यायचा. ऋजुताने त्यातलं काही न म्हणता चार्वीला दुसऱ्या हातावर घेतलं. चार्वी तिच्या कानाशी किंचाळत होती. गळ्यावर ओलं लागत होतं, गरम, घाम की अश्रू की लाळ कळत नव्हतं. फोनमधून, त्या बाईच्या श्वासामागून, तेच गुणगुणणं अगदी हळू ऐकू येत होतं.

"तुमचं रडतंय का ओ?" तेजलने विचारलं.

"हो."

"तुम्ही बंद केलात?"

"आत्ताच केला."

"बाई गं. किती रडतंय."

"हो. खूप."

"मग फोन काय करताय मॅडम. ठेवा की तो. घ्या बाळाला."

"घेतलंय," ऋजुता म्हणाली.

पलीकडे खुर्ची सरकली. मग तेजलचा आवाज फोनपासून लांब गेला. "वन्सं. या, बोला." भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. एका वयस्क बाईने कुणाचंतरी नाव घेतलं, आणि मग बहुधा कुठल्यातरी भाजीचं नाव म्हटलं.

गुणगुणणं थांबलं.

क्षणभर फोनमध्ये काहीच नव्हतं. मग तिकडेही सुरू झालं, घोगरं, धापा टाकत, मुलग्याचं रडणं. तेजल म्हणत होती, "आले, आले, आले," आणि तिच्या बांगड्या वाजत होत्या. इकडे लॅपटॉपवरचा शेवटचा ठिपका केव्हा विझला ते ऋजुताने पाहिलं नाही. ती चार्वीला घेऊन खिडकीपासून दारापर्यंत जात होती, दारापासून खिडकीपर्यंत येत होती. फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये धरलेला होता. दोन्हीकडे रडणं चालू होतं, आणि दोघींपैकी कुणीच फोन ठेवला नाही.